पांढऱ्या घोडीचं काळं शिंगरू

ता. १४ ऑक्टोबर १९७१

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

शिंगरू पोचलं. ट्रकवाला सज्जन निघाला, वाटेत दोनदा थांबून त्याने पाणी पाजलं होतं. चारही पाय जागच्या जागी आहेत, कान दोन, शेपूट एक. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार एवढीच की ते काळं आहे.

काळं म्हणजे सावळं नव्हे, ताई. तव्याची मागची बाजू असते तसं काळं. ट्रकची फळी पाडली तेव्हा मला आत कुणी दिसेचना. शिंगरू कुठाय म्हणून विचारतोय, तोवर आतला अंधारच उठून चार पायांवर बाहेर आला. समोरचा शिंपी दुकान सोडून बघायला आला नि शाईची बाटली कुणाच्या हातून सांडली म्हणून विचारू लागला. तुझ्या वहिनीने तर तिथल्या तिथे नावही ठेवून टाकलं: कोळसा.

अप्पांचा कागद वकिलांनी आपल्या दोघांसमोर वाचला होता. मळा, तबेला आणि पांढरी घोडी थोरलीला. बग्गी, तिचा घोडा आणि पांढऱ्या घोडीचं पांढरं शिंगरू धाकट्याला. 'पांढरं' हा शब्द अप्पांनी स्वतःच्या हाताने लिहिलाय, वर एक रेघही ओढलीय. त्यांना ठाऊक होतं की माझ्याकडे येणारी लग्नाची गिऱ्हाइकं पांढरी जोडीच मागतात. एक पांढरा घोडा तर आहेच. (त्याचं नाव आता जावई. खाण्यापिण्याचे नखरे बघून हेही वहिनीनेच ठेवलं.) आता जावयाच्या शेजारी हा काळोबा जुंपला तर लोकांना वाटेल बुद्धिबळाचा पट फिरायला निघालाय.

त्या दिवशी मी रागाच्या भरात म्हणालो होतो खरं, की पांढरं शिंगरू दारात आल्याशिवाय मळ्याच्या फाटकातून आत पाऊल टाकणार नाही. पण मला कायमचं बाहेर ठेवायला तू असा उपाय काढशील असं वाटलं नव्हतं. हा नमुना ठेवून घेतो. माल कधी पाठवतेस ते कळव.

रंगाबद्दल रागावलेला, पण तुझ्याबद्दलच्या मायेत तसूभर कमी न झालेला,
धाकटा


ता. २६ ऑक्टोबर १९७१

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र मी घोडीला वाचून दाखवलं. दोघी हसलो. ती जरा मोठ्याने हसली.

अरे शहाण्या, जन्म घोड्यांत गेला तुझा, तोही त्यांच्या पाठीमागे बसून, म्हणून तुला त्यांची शेपटी तेवढी माहीत! पांढरी घोडी जन्मतः पांढरी नसते. आपली घोडी जन्मली तेव्हा तू शहरात बग्ग्यांच्या कारखान्यात उमेदवारी करत होतास, म्हणून तू पाहिलं नाहीस. ती काळपट तपकिरी होती, ओल्या मातीसारखी. मग दर वर्षी केस बदलताना थोडी थोडी पिकत गेली. आधी लोखंडी, मग करडी, मग अंगभर ठिपके, आणि सातव्या वर्षी ही अशी शुभ्र. तिचं नाक आठवून बघ, जिथे केस विरळ आहेत तिथे कातडी अजून काळीच आहे. माणसं चाळिशीनंतर पिकतात, या घोड्यांना लहानपणीच म्हातारं दिसायची हौस.

तेव्हा कोळशाला सहा-सात वर्षं दे. पांढरा होईल. मी सांगते ना.

आणि रंगाचं म्हणशील तर, तू जन्मलास तेव्हा लोण्याच्या गोळ्यासारखा गोरा होतास. अप्पा सगळ्यांना उचलून दाखवायचे. पुढे उन्हात हिंडून हिंडून जो काही झालास तो झालास. आम्ही तुला परत पाठवलं का?

शिंगराला आईवेगळं होऊन पंधराच दिवस झालेत. पहिले काही दिवस जावयाच्या जवळ बांध, म्हणजे ओरडणार नाही. ओला चारा एकदम देऊ नकोस. वहिनीला आशीर्वाद. नाव ठेवण्यात तिचा हात कुणी धरणार नाही.

तुझ्या रागावरसुद्धा लोभ असलेली,
ताई


ता. ९ फेब्रुवारी १९७२

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सहा-सात वर्षं! जावई आत्ता तेरा वर्षांचा आहे. कोळसा पांढरा होईपर्यंत जावयाला काठी टेकावी लागेल.

मी रोज सकाळी खरारा करताना कंदील धरून तपासतो. आजमितीस पांढरे केस: कोळशाला शून्य, मला आठ. याच वेगाने गेलो तर पांढऱ्या जोडीसाठी जावयाशेजारी मलाच जुंपावं लागेल.

तुझ्या म्हणण्याला आधार काय, ते सविस्तर लिही. घोडीचा बाप कुठल्या रंगाचा, आई कुठल्या, कोळशाचा बाप कोण, सगळं. आणि रंग उतरतो कसा, आईकडून किती नि बापाकडून किती, तेही कुणा जाणत्याला विचारून कळव. शिवाय मळ्याचंही नीट लिही. तिथल्या हवापाण्याचा काही परिणाम असला तर तपासायला नको? विहिरीवरचा रहाट अजून किंचाळतो का? अप्पांचा पलंग मागच्या खोलीतच आहे की हलवलास? सकाळी घोडीला बाहेर कोण काढतं? या गोष्टी वरवर पाहता रंगाशी संबंधित वाटणार नाहीत, पण तपास म्हणजे तपास.

चार ओळींचं कार्ड पाठवलंस तर पुरावा अपुरा समजण्यात येईल.

न्यायाच्या प्रतीक्षेत, तुझा लाडका फिर्यादी,
धाकटा


ता. ३ मार्च १९७२

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

घे पुरावा. घोडीचा बाप पांढरा, आई तपकिरी. कोळशाचा बाप म्हणजे गिरणीवाल्याचा काळा घोडा, ज्याला आपण लहानपणी घाबरायचो त्याचा नातू.

रंगाचं मी आपल्या गुरांच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या घोडीचे दात तपासत होत्या. हात घोडीच्या तोंडात ठेवूनच त्यांनी मला समजावलं. प्रत्येक जनावराकडे रंगाच्या चिठ्ठ्या जोडीजोडीने असतात, एक आईने दिलेली, एक बापाने. काही चिठ्ठ्या दांडग्या, काही लाजाळू. तांबड्या रंगाची लाजाळू. ती काळ्या रंगाच्या चिठ्ठीखाली पिढ्यान्‌पिढ्या दबून बसते, म्हणून दोन काळ्याकुट्ट घोड्यांच्या पोटी एखादं तांबडं शिंगरू येऊ शकतं. पण दोन तांबड्यांच्या पोटी काळं कधीच येत नाही, कारण काळी चिठ्ठी असती तर ती लपून बसलीच नसती. करड्याची चिठ्ठी तर सगळ्यांत दांडगी. ती एकच असली तरी मूळ रंग कुठलाही असो, हळूहळू सगळ्यावर चुना फासते. आता आई पांढरी आहे ना? मग झालं तर.

या विद्येने इकडे एक घोटाळा झालाय. पलीकडच्या मधमाशीवाल्याकडे दोन तांबडी जनावरं आहेत, एक घोडा आणि एक घोडी. घोडीला परवा शिंगरू झालं, काळंभोर. मधमाशीवाला पेढीवर बसावं तसा मिशीवर हात फिरवत सगळ्यांना दाखवत होता. तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी शिंगराकडे पाहिलं, तांबड्या बापाकडे पाहिलं, मग लांब गिरणीकडे पाहिलं, आणि एवढंच म्हणाल्या की कुंपण दुरुस्त करून घ्या. गिरणीवाला शपथेवर सांगतोय की त्याचा घोडा उडी मारत नाही. घोडा काहीच सांगत नाहीये.

रहाट किंचाळतो. तेल घालायचं मनात येतं, पण मग सकाळ झालेली कळणार कशी? पलंग तिथेच आहे. त्यावर आता बियाण्याच्या पिशव्या असतात, पण उशाकडची बाजू मी मोकळी ठेवते. घोडीला मीच काढते. पलीकडच्या चढावर ती थांबते, अप्पा तिथे दम घ्यायला थांबायचे म्हणून. मीही थांबते. दोघी उगाच इकडेतिकडे बघतो आणि पुढे जातो.

बघ, चार पानं झाली. आता तरी गप्प बस.

मायेची आणि पुराव्याची पक्की,
ताई


ता. २० मे १९७५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

साडेतीन वर्षं तू मला चिठ्ठ्यांवर चिठ्ठ्या ऐकवते आहेस. कोळसा चार वर्षांचा झाला. ज्या रंगाचा आला त्याच रंगाचा आहे. सोबत फोटो जोडलाय. त्यात काही दिसत नाही असं म्हणू नकोस, काळा घोडा फोटोत असाच येतो.

आता परवाची गोष्ट ऐक. मोठ्या घरचं लग्न. पांढरी जोडी हवी म्हणून हटून बसलेले. शेवटी मी खडू कुटला, पाण्यात कालवला आणि कोळशाला कानापासून खुरापर्यंत सारवला. इतका देखणा दिसला की जावयाने मत्सराने चारा सोडला. नवरा-नवरी बसली, मी चाबूक उचलला, आणि वळणावर समोरून आली रस्त्यावर पाणी शिंपडणारी गाडी! पुढचं काय सांगू? खडू वाहिला. नवरीच्या शालूवर, नवऱ्याच्या बुटांवर, माझ्या अब्रूवर. कोळसा मधून मधून पांढरा नि मधून मधून काळा असा रस्त्यात उभा, आणि नवरीची आत्या ओरडतेय की हा झेब्रा कुणी जुंपला.

दुसरं शिंगरूही काळंच झालं असं तू लिहिलं होतंस, त्यालाही आता दोन वर्षं होतील. म्हणजे तुझी पांढरी घोडी हा काळ्यांचाच कारखाना आहे. अप्पांचा शब्द होता पांढऱ्याचा. आता मला पंचच बसवावे लागणार असं दिसतं.

अंगावरचा खडू झटकत, तरी तुझाच,
धाकटा


ता. २४ जून १९७५

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

हे पत्र मी ह्यांच्या नकळत लिहितेय आणि पोस्टातही स्वतःच टाकणार आहे. वाचून झालं की चुलीत घाला.

तुमचं गेल्या आठवड्यातलं पत्र ह्यांच्या शर्टाच्या खिशात राहिलं होतं. शर्ट धुवायला घेतला तेव्हा माझ्या हाती आलं. मी कुणाची पत्रं वाचत नाही. हे दोनदा वाचलं.

वन्सं, तुम्ही घोडीच पाठवून द्यायचं म्हणता? अप्पांच्या शब्दाला बट्टा नको, पांढरं शिंगरू देता आलं नाही तर निदान पांढरी घोडी तरी धाकट्याच्या दारात उभी राहू दे, असं तुम्ही लिहिलंत आणि खाली शाई फुटली आहे. ते वाचून मला राहवेना. ह्यांनाही दोन दिवस जेवण गेलं नाही, पण खरं सांगायची छातीही होत नाही. म्हणून मीच सांगते.

कोळसा काळा नाही. आला तेव्हा होता, पुढे उजळतच गेला. तो आला त्याच आठवड्यात नालबंद आमच्याकडे आला होता. त्याने शिंगराचं तोंड उजेडाकडे वळवलं, डोळ्यांभोवतीचे पाच-सात पांढरे केस दाखवले आणि म्हणाला की याला चष्मा लागलाय, हा पांढरा होणार. ह्यांनी त्याला चहा पाजला, वर दोन केळी दिली आणि तोंड बंद ठेवायला सांगितलं. आज कोळसा चांदीच्या घासलेल्या ताटासारखा आहे, अंगभर ठिपके, तोंड तर दुधात बुडवल्यासारखं. लोक रस्त्यात थांबून बघतात. फोटो ह्यांनी तबेल्याच्या आत, दार लावून, जावयाच्या आडोशाला काढला.

खडू, शिंपडायची गाडी, नवरीचा शालू, सगळं खोटं. ती गाडी आमच्या रस्त्याला येतच नाही. आत्या तर ह्यांनी जेवता जेवता रचली आणि मला वाचून दाखवली. मी हसले, ही माझी चूक.

हे सगळं कशासाठी, तर अप्पा गेल्यावर तुमची कार्डं यायची. मंडळी खुशाल आहेत, घोडी बरी आहे, उत्तर पाठवावे. ह्यांना ती आवडायची नाहीत, पण बोलायचे नाहीत. भांडण सुरू झालं आणि चार चार पानं यायला लागली. हे आधी मनात वाचतात, मग मला मोठ्याने वाचून दाखवतात, मग तबेल्यात जाऊन आणखी एकदा वाचतात. तिथे कोण ऐकतं ते तुम्हीच समजा. मी एकदा म्हटलं की आता पुरे, सांगून टाका. तर म्हणाले, घोडा पांढरा झाला असं कळवलं की ताई लिहिणार 'छान झालं', आणि खलास.

शिक्षा काय द्यायची ते तुम्ही थोरल्या आहात, तुम्ही ठरवा. मी काही सुचवणार नाही. फक्त सौम्य नसावी.

तुमच्या बाजूची,
वहिनी


ता. ५ जुलै १९७५

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

घोडी पाठवते म्हटलं त्यावर तुझं उत्तर नाही. मी खूप विचार केला. तुझंच खरं आहे. चार वर्षांत जो घोडा बदलला नाही, तो पुढे काय बदलणार? मी हरले. हे लिहायला मला जड जात नाही, उलट हलकं वाटतंय.

तेव्हा न्यायाने वागू. कोळशाला परत पाठव. इकडे गिरणीवाल्याला पोती ओढायला घोडा हवाच आहे. मी त्याला शब्द देऊन बसलेय. रंगाचं त्याला सोयरसुतक नाही, दिवसभर पिठात वावरून तिथे सगळेच पांढरे होतात. कोळशाच्या बदल्यात मी तुला घोडीचं दुसरं शिंगरू देते. ते नक्की पांढरं होईल.

येत्या पंधरा तारखेला सकाळी ट्रक येईल. कोळशाचा खरारा, दोर आणि पाण्याची बादली बरोबर दे. त्याला काही सवयी लागल्या असतील तर कागदावर लिहून दे, गिरणीवाला त्या मोडेल.

तुझ्या मनासारखं झालं म्हणून समाधानी,
ताई


ता. ८ जुलै १९७५, तातडीचे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

ट्रक पाठवू नकोस. तुला कळवायला आनंद वाटतो की इथे एक चमत्कार झालाय. काल सकाळी मी तबेल्याचं दार उघडलं तर कोळसा एका रात्रीत

हे वरचं खोडायला हवं होतं, पण घरात दुसरा कागद नाही आणि पोस्टाची पेटी अकराला उघडतात. चमत्कार वगैरे काही झालेला नाही. कोळसा पहिल्या आठवड्यापासून पांढरा होतोय. नालबंदाने डोळ्यांजवळचे केस दाखवले होते. मी तुला खोटं लिहिलं, दर पत्रात, आणि फोटोत तर घोड्यालाही खोटं बोलायला लावलं. नवरी नव्हती, खडू नव्हता. आत्याबद्दल मला विशेष वाईट वाटतं, ती चांगली जमली होती.

त्याला गिरणीवर देऊ नकोस गं. मी तबेल्यात शिरलो की माझी टोपी दातांनी उचलतो आणि परत देत नाही. खोकला झाला होता तेव्हा मी आठ दिवस त्याच्याजवळ पोत्यावर झोपलो. त्याला अंधारात पाणी लागतं, उजेडात पीत नाही. हे गिरणीवाल्याला कसं लिहून देऊ?

घोडी पाठवायचं तू लिहिलंस तेव्हा थट्टा फार पुढे गेल्याचं कळलं. तरी मी गप्प राहिलो. सांगितलं की भांडण संपलं, आणि भांडण संपलं की मला फाटकातून आत यावं लागलं असतं. ताई, मळा तुला मिळाला याचा मला कधीच राग नव्हता. अप्पांची शेवटची तीन वर्षं तू तिथे होतीस आणि मी नव्हतो. वकिलाने कागद वाचला तेव्हा ते भर खोलीत सगळ्यांना ऐकू गेल्यासारखं वाटलं. माझं तोंड लपवायला मी ओरडलो.

आता तू काय म्हणशील ते मान्य. पण ट्रक नको.

हात जोडून,
धाकटा


ता. १९ जुलै १९७५

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

ट्रक येणारच नव्हता. तुझ्या त्या सज्जन ट्रकवाल्याने गेल्या वर्षी ट्रक विकून केशकर्तनाचं दुकान घातलं. गिरणीवाल्याने नवीन इंजिन आणलंय, त्याला घोडा नको. तुझं सोंग मला कुणी कळवलं ते विचारू नकोस. घरात शर्ट कोण धुतं एवढं मात्र लक्षात ठेव.

पण तू कबूल झालास, तेव्हा मलाही होऊ दे. चिठ्ठ्यांचं सगळं मी तुला लिहिलं, आणि एक गोष्ट मुद्दाम गाळली. आपल्या घोडीची आई तपकिरी. म्हणजे घोडीकडे करड्याची चिठ्ठी एकच, बापाकडून आलेली. तिने शिंगराला ती दिली तर ते पांढरं होणार, दुसरी दिली तर ते जन्मभर काळंच राहणार. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नाणं उडवल्यासारखं आहे. आणि डोळ्यांभोवती बघायचं असतं हे त्यांनी सांगितलं तोवर शिंगरू तुझ्याकडे पोचलं होतं. मी 'पांढरा होईल, मी सांगते ना' असं ठोकून लिहिलं खरं, पण मला ठाऊक काहीच नव्हतं. चार वर्षं तुझं दर पाकीट उघडलं की मी आधी 'काळा' हा शब्द शोधायचे. तू काळं असल्याचं सोंग करत होतास, मी पांढरं असल्याचं. अप्पा असते तर दोघांनाही अंगणात उभं केलं असतं.

आणि जे दुसरं शिंगरू 'नक्की पांढरं होईल' म्हणून तुझ्या गळ्यात मारत होते ना, त्याच्या डोळ्यांभोवती मी भिंग लावून बघितलंय. एक केस नाही. ते काळंच राहणार.

आता शेवटचं. अप्पांना शेवटच्या वर्षी कुणाचं नाव आठवायचं नाही. मला ते वहिनी समजायचे, डॉक्टरीणबाईंना ताई म्हणून हाक मारायचे. पण बाहेर गाडीची चाकं वाजली की दर वेळी धाकटा आला म्हणायचे. हे मी तुला लिहिलं नाही, कारण तुला टोचेल असं वाटलं. चार ओळींचं कार्ड म्हणूनच पाठवायचे. पाचव्या ओळीत हे आलं असतं.

फाटक उघडं आहे. बिजागरी गंजून मोडली म्हणून, मायेने उघडं ठेवलंय असं समजून घेऊ नकोस.

तुझी खोटारडी,
ताई


ता. ४ ऑगस्ट १९७५

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आलं त्याच्या दुसऱ्याच सकाळी हे बग्गी जुंपून निघाले. दाढी केली, दोनदा. कोळशाला आणि जावयाला इतकं चोळलं की दोघे एका साच्यातून काढल्यासारखे दिसत होते. दोन दिवसांत येतो म्हणाले. आज चौदावा दिवस.

काल नालबंद तिकडून आला. त्याने सांगितलं की हे दुपारी अप्पांच्या पलंगावर बियाण्याच्या पिशव्यांशेजारी घोरत पडतात, संध्याकाळी तुमच्याशी पत्ते खेळतात आणि हरले की अप्पांच्या कागदाप्रमाणे राजा माझा म्हणून वाद घालतात. आणि म्हणे कोळशाला बघून घोडी फाटकापर्यंत धावत आली, तेव्हा हे तोंड फिरवून चाकाला वंगण आहे का ते बघत बसले. बराच वेळ. वन्सं, चाकाला मी आदल्याच दिवशी वंगण घातलं होतं.

इकडे मात्र पंचाईत झालीय. समोरच्या शिंप्याच्या मुलीचं येत्या रविवारी लग्न आहे आणि त्याने चार वर्षं चेष्टा केलेली ती जोडीच हवी म्हणून रोज उंबरा झिजवतोय. बग्गी मला ह्यांच्यापेक्षा बरी हाकता येते, हे तुम्हाला म्हणून सांगते. तेव्हा मी परवाच्या बसने येते आणि घोडे, बग्गी घेऊन जाते.

तुमचं ते दुसरं काळं शिंगरू कुणाला देऊ नका, मला हवंय. आमच्याकडे कोळसा पांढरा झाला, जावई पांढऱ्याचा पिवळा पडला आणि ह्यांनी तर चार वर्षांत इतके रंग दाखवले की विचारू नका. दिल्या रंगाला जागणारं घरात एक तरी असू दे.

ह्यांना हवं तेवढे दिवस ठेवून घ्या. ह्यांची घाई नाही.

तुमची, परवा दुपारच्या जेवणाला येणारी,
वहिनी